चावडीवरची पत्रं : आयतोबा, मिरासदार आणि मयताचे वारस

मागच्या अंकात 'मक्तेदारी' या शब्दावर चार ओळी खरडल्या होत्या. शेवटी सहज लिहिलं, की बापाकडून जे आयतं येतं त्यासाठी आपल्या भाषेत किती शब्द आहेत ते कुणीतरी मोजून कळवा. मोजून कुणी कळवलं नाही, भांडणं मात्र भरपूर आली. टपालाने आली, व्हॉट्सअ‍ॅपवर आली, एक तर अशोक स्तंभाजवळ चहा पिताना तोंडी आलं. त्यातली पाच इथे घेतो.

नव्या वाचकांनी एक ध्यानात ठेवावं. मी भाषेचा प्राध्यापक नव्हे. नाशिक जिल्ह्यात ३२ वर्षं महसूल खात्यात काढली, आधी तलाठी, शेवटी मंडल अधिकारी. तलाठ्याला आता 'ग्राम महसूल अधिकारी' म्हणायचं असा हुकूम निघालाय. गावात अजून कुणी म्हणताना ऐकलं नाही. माझं शब्दज्ञान फेरफाराच्या वहीतून, म्हणजे जमिनीच्या हक्कातले बदल जिच्यात नोंदतात त्या वहीतून आलेलं आहे. अडलं की सार्वजनिक वाचनालयात जाऊन कोश उघडतो.

प्रश्न : भांडी बाजारात आमचं तांब्या-पितळेचं दुकान आहे. आजोबांनी टाकलं, वडिलांनी वाढवलं. मी मेकॅनिकल इंजिनिअर झालो, चार वर्षं अंबडच्या एका कारखान्यात काम केलं आणि आता गल्ल्यावर बसतो. मित्र 'आयतोबा' म्हणतात. मामा 'आयत्या बिळावर नागोबा' म्हणतात. एका स्थळाकडच्यांनी 'चांदीचा चमचा तोंडात घेऊन जन्मलाय' असं कौतुकानं म्हटलं, तेही मला टोचलंच. वारशानं मिळालेल्या माणसाला मराठीत शिवी सोडून दुसरा शब्दच नाही का? (एक दुकानदार, वय ३१)

उत्तर : आधी मामांचा हिशेब करू. ती म्हण तुम्हाला लागू नाही. बीळ खणतो उंदीर, वारूळ बांधते वाळवी, आणि नागोबा येऊन बसतो. खणणाऱ्याचा आणि बसणाऱ्याचा काही संबंध नसतो, म्हण त्या आगाऊपणावर आहे. तुमचं बीळ आजोबांनी नातवंडांच्या डोळ्यांपुढेच खणलं होतं. ही म्हण खरी शोभते ती वर्गणी काढून गणपती बसवणाऱ्या पोरांच्या मंडपात शेवटच्या दिवशी स्वतःचा फ्लेक्स लावणाऱ्याला. मामांना सांगा.

चांदीचा चमचा हा तर आपला नव्हेच, इंग्रजीतून आलेला पाहुणा. आपल्याकडे बाळ जन्मलं की सोन्याच्या अंगठीनं मध चाटवतात. माझ्या जन्माच्या वेळी घरात अंगठी नव्हती, शेजारच्या वाड्यातून तासाभरासाठी मागून आणली होती, असं आई सांगायची. म्हणजे सोनं माझ्याही जिभेला लागलंय. पुढे तलाठी झालो, ते असो. जन्मतःच श्रीमंत असलेल्याला आपला शब्द 'गर्भश्रीमंत', आणि तो शिवी म्हणून घडलेला नाही. 'कालचा श्रीमंत' किंवा 'नवश्रीमंत' या शब्दांत जो खवचटपणा आहे त्याच्या उलट बाजूला तो उभा असायचा. गर्भश्रीमंत माणूस पैसा दाखवत फिरत नाही, अशी समजूत. आता तो शब्दही नाक मुरडून उच्चारतात, हे मान्य.

'आयतोबा' मात्र खराच झोंबरा. विठोबा, खंडोबा, म्हसोबा यांच्या रांगेत बसवून केलेली थट्टा आहे ती. देवासारखा बसून राहतो, नैवेद्य समोर येतो. तुम्ही बसून राहता का, हे मला ठाऊक नाही. मोडीत आलेलं घंगाळ हातात घेऊन वजनाआधी त्यात जस्त किती असेल हे तुम्हाला सांगता येत असेल, मठारलेला हंडा आणि यंत्रावर ठोके पाडलेला हंडा नुसत्या बोटानं ओळखता येत असेल, तर मित्रांना खुशाल बोलू द्या.

आता तुमचा मूळ प्रश्न. शब्द होते, आणि ते मानाचे होते. फार मानाचे होते म्हणूनच आंबले.

'मिरासदार' घ्या. मिरास आणि वारस हे दोन्ही अरबीतल्या एकाच धातूचे, फारसीच्या वाटेनं मराठीत आलेले. गावात ज्याची जमीन पिढ्यान्‌पिढ्या, ज्याला सहजी हुसकता येत नाही तो मिरासदार, आणि जो बाहेरून येऊन कसतो, ज्याचा हक्क त्या जमिनीत रुजलेला नाही तो उपरी. 'उपरा' हा शब्द आपण आजही कुणाला परकं पाडायला वापरतो, त्यातही हाच भेद बोलतो. आणि 'मिरासदारी' कुठे ऐकू येते? 'ही काय तुझी मिरासदारी आहे का?' या भांडणात. वर्तमानपत्रं मिरासदारी आणि मक्तेदारी एकाच अर्थानं वापरतात, त्यावरूनच मागच्या वेळी मी कुरकुरलो होतो. मक्ता ठराविक मुदतीचा, पैसे भरून घेतलेला. मुदत संपली की संपला. मिरास संपत नाही. आठवडे बाजाराची वसुली एखादा ठेकेदार वर्षभरासाठी घेतो ती मक्तेदारी. त्याच बाजारात तिसरी पिढी त्याच ओट्यावर बसते आणि दुसऱ्याला टेकू देत नाही ती मिरासदारी.

'जहागीर'ची तर गंमतच आहे. 'बापाची जहागीर आहे का?' असं आपण ठसक्यात विचारतो. मोगलांच्या कारभारात जहागीर बापाची नसायचीच. मनसबदाराला पगाराऐवजी एखाद्या मुलखाचा वसूल लावून द्यायचे, काही वर्षांनी त्याची बदली व्हायची, तो मेला की जहागीर सरकारजमा. आमच्या खात्यातल्या बदल्यांसारखंच. मराठी राज्यातला सरंजामही मुळात फौज पोसण्यासाठी दिलेला. धनी वारला की सरकारनं तो परत घेऊन नव्यानं द्यायचा, असं तत्त्व. व्यवहारात मुलाला, मग नातवाला मिळत गेला आणि सरंजामदार पिढीजात झाले. एखादी गोष्ट दोनदा बापाकडून पोराकडे गेली, की तिसऱ्यांदा कुणी कागद मागत नाही. चावडीवर मी हे फार पाहिलंय.

'वतन' तर अरबीत मायभूमी. हिंदी-उर्दूत वतन म्हणजे आजही देश. मराठीत आला आणि त्याचा अर्थ झाला गावच्या कामाचा वंशपरंपरागत हक्क. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे हे वतनदार, आणि महार वतनही होतंच, ज्यात मान कमी आणि राबणूक फार. तिथे वारसा म्हणजे जन्मभराची बेगार. वारशाच्या शब्दांवर गोड बोलताना ही बाजू विसरून चालत नाही. कुलकर्णी आणि परगणा वतनं १९५० च्या कायद्यानं गेली, कनिष्ठ गावकामगारांची १९५८ च्या, आणि मुलकी पाटलाचं पद १९६२ च्या. पुढे १९६७ च्या कायद्यानं पोलीस पाटील आला, पण तो नेमलेला. त्यासाठी अर्ज करावा लागतो. चांदवड तालुक्यात एका वाड्यावर एक म्हातारे पाटील मला म्हणाले होते, "भाऊसाहेब, ज्या गावात आमचा बैल पोळ्याला पुढं असतो, त्याच गावात माझ्या पोरानं अर्ज करायचा?" अर्ज केला नाही. पोळ्याला बैल अजून पुढेच असतो. सुंभ जळाला, पीळ आहे.

तर तुमच्यासाठी शब्द. कागदोपत्री तुमचं दुकान 'वडिलोपार्जित'. (वडील हा आपला साधा घरगुती शब्द, उपार्जित संस्कृत, आणि दोघांचा संधी मात्र शास्त्रोक्त. व्याकरणवाल्यांना हा जोड खटकेल, मला फार आवडतो.) तुम्ही स्वतः 'पिढीजात दुकानदार'. मला विचाराल तर सगळ्यात चांगलं 'आजोबांच्या गादीवर बसतो'. गादी राजाची असते, मठाची असते आणि तुमच्या बाजारात ती खरोखरच पांढऱ्या खोळीची, दर दिवाळीला कापूस पिंजून भरलेली असते. सराफ बाजारात तिला पेढी म्हणतील, इतकाच फरक. स्थळाकडच्यांना हेच सांगा. ते मध चाटवणारे निघाले तर हो म्हणा.

प्रश्न : 'वारस' बरोबर की 'वारसदार'? आणि मुलगी असेल तर 'वारसदारीण' म्हणावं का? आमच्या भिशीत यावरून दोन तट पडलेत. (निवृत्त शिक्षिका, सिन्नर)

उत्तर : बाई, वारस म्हणजेच ज्याला मिळतं तो. त्याला पुन्हा '-दार' लावणं हे पिवळा पीतांबर नेसण्यासारखं आहे, असं शुद्धतावादी म्हणतात. दुसरा तट म्हणेल, वारसा ज्याच्याकडे आहे तो वारसदार, जसा हक्क असलेला हक्कदार. मी दोन्ही चालू देतो. फेरफारात मात्र कायम 'वारस' लिहिलं. जागा कमी असते.

'वारसदारीण' नको. वारस हा शब्द तो, ती, ते सगळ्यांना पुरतो, आणि नेमकं तेच पुरुषांना पटत नसे. ही गोष्ट मी सांगायलाच हवी, कारण चूक माझी आहे. १९८७ साल. निफाड तालुक्यातलं एक गाव, द्राक्षबाग, खातेदार मयत. दोन मुलगे आणि विधवा आई चावडीत आले. मी वारस तपासाचा जबाब घेतला. विचारलं, बहिणी? थोरला म्हणाला, "एक आहे, पण ती दिली घरी." दिली घरी. मी मान डोलावली आणि नमुना सहाच्या, म्हणजे फेरफाराच्या, वहीत लिहिलं, मयताचे वारस मुले दोन, पत्नी एक. आईनं अंगठा उठवला. जांभळी शाई तिच्या अंगठ्यावरून पदराला लागली, तेवढं अजून दिसतं.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं ती मुलगी बापाच्या हिश्श्याला पहिल्या वर्गातली वारस होती, भावांइतकीच. मला ते माहीत होतं. १५ दिवसांच्या नोटिशीत ती स्वतः पिंपळगावहून एसटीनं आली आणि हरकत घेतली. मंडल अधिकाऱ्यांनी नोंद रद्द केली आणि मला सगळ्यांसमोर झापलं. तिनं नाव लावून घेतलं. पुढे दोन वर्षांनी हक्कसोड लिहून दिली, पण आधी नाव लावून घेतलं. सोडायलासुद्धा हक्क आधी कागदावर असावा लागतो, हे मला तिनं शिकवलं.

नंतर कायदाही पुढे गेला. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मानं हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीनं ते वगळणं काढलं, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की ती दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी बाप हयात असण्याचीही गरज नाही.

तरी वह्या जुन्या असतात. वडिलांच्या अस्थी घेऊन रामकुंडावर गेलो तेव्हा आमच्या तीर्थोपाध्यायांनी गाव विचारलं, आडनाव विचारलं आणि लांबट वही काढली. ही यजमानवृत्ती म्हणजे त्यांचाही वारसाच. भावाभावांत वाटणी होते तेव्हा यजमानांची गावंसुद्धा वाटली जातात. पान उघडलं तर आजोबांची मोडीतली सही. 'र'ला मारलेला फराटा अगदी माझ्या वडिलांसारखा. पणजोबा, आजोबा, चुलते, सगळे ओळीनं. आजीचं नाव होतं. दोन्ही आत्यांची नव्हती. गुरुजींनी पेन दिलं, मी वडिलांचं लिहिलं, माझं लिहिलं, मुलाचं लिहिलं, आणि थांबून दोन्ही आत्यांची आणि माझ्या मुलीचं लिहिलं. ओळ वाकडी झाली. गुरुजी काही बोलले नाहीत.

प्रश्न : आजोबा, 'नेपोकिड'ला मराठी शब्द सांगा. कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेत मराठीतच बोलायचं आहे. (विद्यार्थी, गंगापूर रोड)

उत्तर : अरे बाळा, 'नेपोकिड', म्हणजे आईबापाच्या नावावर संधी मिळालेलं पोर, हा शब्द सिनेमातून आला, तो तसाच वापर, परीक्षकांनाही कळेल. 'घराणेशाही' हा पद्धतीला शब्द आहे, माणसाला नाही. माणसाला आपण 'युवराज' म्हणतो, आणि आवाज कसा लावतो त्यावर अर्थ ठरतो. 'कुलदीपक'ही तसाच. बारशात खरा असतो, निवडणुकीत खोचक.

पण 'घराणं' आणि 'घराणेशाही' यांत गल्लत करू नकोस, तिथे मुद्दा सापडेल. गाण्यातलं घराणं रक्तावर थांबत नाही. विष्णु दिगंबर पलुसकरांनी उतारवयात नाशकातच पंचवटीत रामनाम आधार आश्रम काढला. १९३१ मध्ये ते गेले तेव्हा त्यांचा मुलगा, पुढे मोठे गायक झालेले दत्तात्रेय, जेमतेम १० वर्षांचा होता. बापाची विद्या त्याला विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांच्याकडून मिळाली. दोघेही बापाचे शिष्य. वारसा घराबाहेर गेला, शिष्यांच्या गळ्यात राहिला आणि घरी परत आला. याला नेपोकिड म्हणशील का, हे तू ठरव आणि स्पर्धेत सांग. एक सूचना. वर्तमानपत्री 'वडिलांचा वसा पुढे चालवला' हे वाक्य टाळ. वसा हा व्रताचा शब्द, कहाणीतला, उतायचं नाही, मातायचं नाही, टाकायचा नाही असा. तो घ्यावा लागतो. वडिलांच्या जागी तिकीट मिळालं तर त्याला वसा म्हणत नाहीत.

प्रश्न : सयाजीराव महाराज आमच्या मालेगाव तालुक्यातल्या कौळाण्याचे. आमच्या पारावर वाद झाला, ते गादीचे वारस की दत्तक? एकजण म्हणतो 'औरस वारस' हाच खरा शब्द. (एक शेतकरी, मालेगाव तालुका)

उत्तर : यमक जुळलं म्हणून भाऊबंद होत नाहीत. औरस हा संस्कृत, 'उरस्' म्हणजे छातीवरून आलेला, पोटचा मुलगा. वारस अरबी. औरसाचा विरुद्धार्थी दत्तक. वारसाचा नव्हे. दत्तक झाला की तो वारसच.

बडोद्यात १८७५ मध्ये इंग्रजांनी मल्हाररावांना पदच्युत केलं आणि खंडेरावांच्या विधवा जमनाबाईंना दत्तक घ्यायची परवानगी दिली. गायकवाडांच्याच लांबच्या शाखेतली कौळाण्याची पोरं नेली. त्यांतला १२ वर्षांचा गोपाळ, कशासाठी आलास असं विचारल्यावर 'राज्य करायला' म्हणाला असं सांगतात. खरं असो नसो, तुमच्या पारावर ते खरंच असणार. दत्तक झाल्यावर तो सयाजीराव झाला आणि १९३९ पर्यंत गादीवर राहिला. याच दत्तकाच्या मुद्द्यावर १८४८ मध्ये कंपनी सरकारनं साताऱ्याचं राज्य खालसा केलं होतं. दत्तक नामंजूर, म्हणजे वारस नाही, म्हणजे राज्य बेवारस. २७ वर्षांत एका शब्दाची किंमत किती बदलली पाहा.

आता 'दत्तक' फार स्वस्त झालाय. गाव दत्तक, बाग दत्तक, वाहतूक बेट दत्तक. २०१७ च्या महापालिका निवडणुकीत अख्खं नाशिक दत्तक घेण्याची भाषा झाली. दत्तक घेतल्यावर नाव बदलतं आणि मुलगा श्राद्ध करतो. यातलं नेमकं काय अपेक्षित होतं ते मला अजून कळलेलं नाही.

प्रश्न : बँकेत यजमानांच्या खात्याला 'नॉमिनी' म्हणून माझं एकटीचं नाव आहे. म्हणजे पैशांची वारस मी एकटीच ना? दीर ऐकत नाहीत. (एक गृहिणी, सातपूर)

उत्तर : नाही, वहिनी. दोन शब्द दोन वेगळ्या माणसांचे आहेत. नॉमिनी म्हणजे बँकेनं पैसे कुणाच्या हाती द्यायचे तो. मालक कोण ते मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये हेच सांगितलं. पण घाबरू नका. मृत्युपत्र नसेल तर पहिल्या वर्गात तुम्ही, तुमची मुलं आणि सासूबाई हयात असतील तर त्या. ही माणसं असताना दीर त्या यादीत येतच नाहीत. खातं संयुक्त कुटुंबाचं नव्हतं, यजमानांचं स्वतःचं होतं, याची तेवढी खात्री करा. वारस दाखला दिवाणी न्यायालयातून मिळतो, १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली. होय, १८२७, अजून चालू आहे. मृत्यू दाखल्याच्या चार-पाच प्रती आधीच काढून ठेवा, प्रत्येक खिडकीवर एक लागते.

शेत असेल तर तलाठ्याकडे, म्हणजे ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांच्या आत द्या. तो 'बहिणी, मुली?' असं विचारेल. सगळ्यांची नावं सांगा.